भिंतीतला दिवा प्लगवर घेताना
(संस्थेच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस विजेवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण डोंबिवलीकराला विजेचा, विशेषतः गेलेल्या विजेचा, अनुभव पुष्कळ असतो! 2005 च्या सुमाराच्या भारनियमनात आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले. माझा आजचा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

पलंगावरचा भिंतीतला दिवा सूनबाईंना खिडकीपाशी हवा असतो. भिंत फोडायची नाही, म्हणून त्याला लांब वायर जोडून प्लगवर घ्यायचे ठरते. कल्पना चांगलीच आहे. मग घरातला कोणी मेन स्विच पाडतो आणि निर्धास्तपणे स्टुलावर चढतो. पण मेन पडला की इन्व्हर्टर समजतो, लाइट गेली. आणि दिवा त्याच्यावर जोडलेला असेल तर तिथे पुन्हा 230 व्होल्ट हजर! म्हणून मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, तसेच हे. त्यानंतरही टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घेतलेला असावा आणि मगच तो दिव्याच्या प्रत्येक वायरीला लावावा. नुसते बटण बंद करून तर हात घालूच नका. बटण चुकून न्यूट्रलवर बसवले असेल, तर दिवा विझतो पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते.

भिंतीकडचे काम परवानाधारक वायरमनलाच द्या. मोकळ्या झालेल्या वायरी त्याने बोर्डातूनच सोडवाव्यात, टोके कनेक्टरमध्ये बंद करावीत आणि वर प्लेट बसवावी. नुसती चिकटपट्टी गुंडाळून "झालं काका" म्हणाला, तर त्याला जाऊ देऊ नका. आपल्या पावसाळी दमटपणात ती पट्टी सुटते.

आता दिव्याकडे. दिवा धातूचा असेल तर वायर तीन पदरी आणि प्लग तीन पिनांचाच हवा. हिरवी-पिवळी वायर दिव्याच्या धातूच्या अंगाला स्क्रूने घट्ट जोडायची. ती कापून दोन पिनांचा प्लग लावणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. वरची पिन लांब असते ती उगीच नव्हे. आत जाताना अर्थिंग आधी जुळावे, म्हणून. नव्या लवचिक वायरीत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. भिंतीतल्या वायरिंगमध्ये मात्र निळी फेजचीही असू शकते, तेव्हा रंगावर विसंबू नका. वायर बाहेर येते त्या भोकाला रबरी कडे हवे, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. प्लगमधली पट्टी वायरीच्या बाहेरच्या आवरणावर आवळा, म्हणजे नातवाने ओढली तरी ताण जोडावर येणार नाही. एलईडी दिव्याला 6 अँपियरचा प्लग भरपूर झाला.

एवढे केले की मोठी सोय होते. पुढच्या वेळी दिवा पुसताना प्लग काढून समोर ठेवा. वीज नाही हे डोळ्यांनी दिसते.

घरात 30 मिलिअँपियरचे आरसीसीबी आहे का, हेही वायरमनकडून पाहून घ्या. आपली वायरिंग इमारतीएवढीच जुनी आहे. दिवाळीच्या कंदिलासाठी गॅलरीत वायर ओढण्याआधी हे झाले तर बरे. टेस्टर कोणाला हवा असेल तर माझ्याकडे आहे. स्टूल मात्र देणार नाही!