कवट्या महांकाळ कार्डिफमध्ये

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या छोट्याशा भाषणाचा मजकूर)

एकांकिका आणि जेवण यांच्यामध्ये मला पाच मिनिटं दिली आहेत. भुकेल्या लोकांचा अंत न पाहता सुरुवात करतो.

महेश कोठारेंचा 'धडाकेबाज' १९९० सालचा. मी तो काही वर्षांनी पाहिला, सांगलीला, बाबांनी भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. लक्ष्मीकांत बेर्डे दोन भूमिकांत: एक आपला लक्ष्या, दुसरा बाटलीतला गंगाराम. आणि कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महांकाळ! आता कवठेमहांकाळ हा तर आमच्याच जिल्ह्यातला तालुका. हा माणूस तिथूनच येतो अशी माझी पक्की समजूत. स्टँडवर त्या पाटीची एसटी लागली, की मी बाबांचा हात घट्ट धरायचो.

या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या लेकीला तोच सिनेमा दाखवायला बसलो. इंजिनिअरच्या डोळ्यांना ट्रिक सीन्स आता लगेच कळतात, पण त्याचं काही नाही. खरी पंचाईत वेगळीच. लक्ष्याच्या प्रत्येक वाक्याला ती विचारायची, "बाबा, व्हॉट डिड ही से?" मी सिनेमा थांबवून इंग्रजीत सांगायचो आणि विनोद तिथंच मरायचा. अर्ध्या तासानं ती उठून गेली.

मला फार लागलं. पण चूक तिची नव्हती. इथं ती शाळेत वेल्श शिकते. वेल्शला १९८२ पासून एस-फोर-सी ही स्वतःची वाहिनी आहे. आमच्या घरात मराठीची एकच वाहिनी, म्हणजे मी. आणि ती इंग्रजीत चालू होती!

त्या रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी कवट्या महांकाळचं हसणं काढून दाखवलं. लेक आधी दचकली, मग खो खो हसली. तेव्हापासून दर रविवारी आजोबा तिला ती गोष्ट थोडी थोडी सांगतात, हातवारे करत, मराठीतून. अडलं तर तिनं मराठीतच विचारायचं. चौथ्या रविवारी तिनं विचारलं, "आजोबा, गंगाराम बाटलीत जेवते काय?" व्याकरण चुकलं, पण सांगलीचा 'काय' बरोब्बर लागला!

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. आता पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सिनेमा बघणार आहोत. मध्ये थांबवायचा नाही, असं मी स्वतःला बजावलंय. तुमचीही मुलं घेऊन या.

आणि गंगाराम जेवतो की नाही ते ठाऊक नाही, पण आपण जेवूया.