षड्ज हलतो तेव्हा
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्तीनंतर काय केलं, यावर दहा मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलं. नातवंडं सांभाळणं, देवदर्शन, गुडघ्याचं ऑपरेशन हे तुम्हा सगळ्यांचं झालेलंच आहे, त्यामुळे ते सोडतो. मी घरबसल्या, एक पैसा फी न भरता, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ शिकलो. वाजवायला नव्हे, नुसतं ऐकायला.

आपण मिरजेची पोरं. सतारमेकर गल्लीतून शाळेत येताना घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावणारे कारागीर आपण रोज बघायचो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात उरुसाला गाणी होतात, तिथे आपल्यातले कितीतरी जण गाण्यापेक्षा जागरणासाठी जायचे. पण कानात तंबोरा बसला तो बसलाच. आपल्या कानाला एक षड्ज लागतो आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. मूर्च्छना वगैरे आपल्याकडेही आहे, पण मागे तंबोरा बोलतच असतो.

माझ्या पत्नीला डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. तिची गाण्याची मध्यमाची परीक्षा झालेली, कान माझ्यापेक्षा फार तयार. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘हे मशीन काळी एकमध्ये लागलंय.’ त्या चार तासांत राग ऐकवेना तिला. मुलाखती, कीर्तनं, सगळं करून झालं. मग मुलानं फोनवर येल विद्यापीठाचे प्राध्यापक क्रेग राईट यांची ‘लिसनिंग टू म्युझिक’ ही व्याख्यानमाला लावून दिली. २००८ साली प्रत्यक्ष वर्गात चित्रित केलेली २३ व्याख्यानं, प्रत्येक पाऊण तासाच्या आसपास. नाव नोंदवायला नको, परीक्षा नाही. हेडफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या.

आपण मराठी माध्यमाचे. अमेरिकन उच्चार पहिल्या दिवशी डोक्यावरून गेले. पण प्रत्येक व्याख्यानाचा छापील मजकूरही तिथेच फुकट मिळतो. तो आदल्या रात्री मी शब्दकोश घेऊन वाचायचो. दहावीला एवढा अभ्यास केला असता तर गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभं केलं नसतं.

अडचण भाषेची नव्हतीच, ती वेगळीच निघाली. मोझार्टचा एक छोटा पियानो सोनाटा आहे, १७८८ सालचा, के. ५४५ क्रमांकाचा. नवशिक्यांसाठी म्हणून त्यानं लिहिला. सुरुवात पांढरी एकला, अगदी सरळ, बालवाडीतल्या पोरालाही गुणगुणता येईल अशी. आणि मिनिटभराच्या आत षड्ज उठून पंचमावर जाऊन बसतो! आता पांढरी पाच हाच सा. हिनं हेडफोन काढला आणि विचारलं, ‘सा गेला कुठे?’ पुढे मूळ धून परत येते तेव्हा तरी घरी यावी, तर मोझार्ट ती पांढरी चारवरून सुरू करतो, आणि मग कुठे हळूहळू घरी आणतो. हिला ते बेशिस्त वाटलं. दोन आठवडे तिनं मोझार्टशी बोलणं टाकलं होतं.

समेट घडवला तो लेनर्ड बर्नस्टाइननं. त्यानं १९७३ साली हार्वर्डला सहा व्याख्यानं दिली, तीही इंटरनेटवर बघायला मिळतात. पहिल्याच व्याख्यानात तो पियानोवर एका खर्जाच्या स्वरातून आपोआप निघणारे वरचे स्वर दाखवतो. त्यात पंचम येतो, मग गांधार येतो. ही ताडकन म्हणाली, ‘अरे, हा तर तंबोऱ्यातला गांधार!’ नीट जुळलेल्या तंबोऱ्यात कुणी न छेडता ऐकू येतो तो स्वयंभू गांधार. सा, ग, प एकत्र वाजवले की त्यांची मेजर कॉर्ड. म्हणजे त्यांच्या इमारतीची पहिली वीट आपल्या सतारमेकर गल्लीतही पडलेली होती. फरक एवढाच की पियानोचा गांधार थोडा चढा; अर्धस्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. हिला तो चौदा भागांचा फरक शेवटपर्यंत टोचायचा. मला नाही टोचत. माझा कान तेवढा नाही.

जॅझकडे आलो ते माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’वरून. १९५९ साली न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेल्या ‘काइंड ऑफ ब्लू’ तबकडीतली ही पहिली रचना. स्वर बघा: आपला सरळ काफी थाट, षड्ज पांढरी दोन. आणि हिशोब तर तीनतालवाल्याला पाठच आहे. एक फेरी १२८ मात्रांची, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. चार आवर्तनं काफी, मग अख्खा काफी उचलून अर्धा स्वर वर, काळी दोनला, दोन आवर्तनं. शेवटची दोन पुन्हा खाली. अशा फेऱ्यांवर ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन आणि पियानो आळीपाळीनं उपज करतात. आम्ही दोघं बोटांवर मात्रा मोजायचो. नर्सना वाटायचं जप चाललाय.

(जॅझ परका वाटत असेल तर चितळकरांचं ‘शोला जो भडके’ आठवा. १९५१चा ‘अलबेला’. त्यात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ, आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. त्या ट्रम्पेटवर तुम्ही सगळे गणपतीत नाचलेले आहात.)

एके दिवशी ‘सो व्हॉट’ चालू असताना हिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. वरची दोन आवर्तनं संपत आली आणि ती हलकेच म्हणाली, ‘आता येईल खाली.’ आणि आला. तिनं मोजलं नव्हतं. सा हलला तरी तो कुठून हलला हे तिच्या कानाला आता ठाऊक होतं. ती गेली तेव्हा येलची चार व्याख्यानं उरली होती. ती मी सहा महिन्यांनी एकट्यानं ऐकली, दोन्ही कानांत हेडफोन घालून. बाखच्या फ्यूगमधले तीन-तीन आवाज वेगळे ऐकायला मला तेव्हा जमायला लागलं. ते तिला नक्की माझ्या आधी जमलं असतं.

काही व्यवहाराचं सांगतो. हल्लीचे बरेच अभ्यासक्रम ऐकायला फुकट आणि प्रमाणपत्राला पैसे असे असतात. या वयात प्रमाणपत्र कुणाला दाखवायचंय? आयएमएसएलपी नावाचं एक भांडार २००६ पासून आहे, तिथे हक्क संपलेल्या रचनांची स्वरलिपी फुकट मिळते. ती वाचता आली नाही तरी चालेल. ठिपके वर चढताना, खाली उतरताना दिसतात, तेवढ्यानंही कानाला वाट सापडते. आणि एका दिवशी एकच रचना, पण तीनदा. फुकटचं आहे म्हणून दहा उघडली की एकही ऐकली जात नाही.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी स्पीकर लावलेला असतो. सध्या बेथोवनचे ३२ पियानो सोनाटे क्रमानं चालू आहेत, आठव्यावर आलोय. खुर्च्या सहा आहेत. चहा मी करतो, साखर आपापली सांगा.