‘अलम्’ आणि त्याची चतुर्थी



संस्कृतातील ‘अलम्’ या अव्ययाचा अर्थ विचारला असता आपण चटकन ‘पुरे’ असे उत्तर देतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. अमरकोशाने या शब्दाचे चार अर्थ नोंदविले आहेत : भूषण, पर्याप्ती, सामर्थ्य आणि निवारण. शोभा आणि निषेध ही दोन्ही एकाच शब्दाच्या घरात कशी नांदतात, हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

त्याचा उलगडा पुष्कळसा विभक्तीत आहे. ‘अलं चिन्तया’ असे तृतीयेसह म्हटले की ‘चिंता पुरे झाली, आता ती करू नका’ असा निषेध होतो. परंतु पाणिनीने नमः, स्वस्ति या शब्दांच्या पंक्तीत ‘अलम्’ला बसवून त्याच्या योगे चतुर्थी सांगितली आहे (२.३.१६). येथे अर्थ सामर्थ्याचा. वैयाकरणांचे नेहमीचे उदाहरण आहे ते एका मल्लाला तोडीस तोड ठरणाऱ्या दुसऱ्या मल्लाचे. मराठीतील ‘पुरून उरणे’ हा प्रयोग याच्या अगदी जवळचा आहे. ऋग्वेदात ‘अरम्’ या जुन्या रूपाला ‘कृ’ धातू जोडला की सिद्ध करणे, कार्यास योग्य करणे असा अर्थ होतो. सोमरस असा सिद्ध केलेला असे. ‘अलंकार’ हा शब्द याच कुळातला. दागिना म्हणजे वरचा फाजील भार, ही समजूत त्यामुळे मला फारशी पटत नाही.

माझे लक्ष वेधते ती चतुर्थी. ‘पुरेसे’ म्हणताच ती विचारते : कोणाला? आपल्या सरकारी भाषेतील ‘पर्याप्त साठा’ या शब्दप्रयोगात या प्रश्नाला जागाच उरलेली नाही, आणि ही उणीव केवळ व्याकरणाची नव्हे. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या वर्षी प्रांतात उपलब्ध असलेले धान्य १९४१ सालापेक्षा कमी नव्हते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले. १९४१ मध्ये मात्र दुष्काळ नव्हता. सेन यांच्या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. तथापि सर्वांत मोठा घाला कोणावर पडला हे त्यांनी वर्गवार सांगितले आहे : शेतमजूर, कोळी, वाहतुकीवरचे कामगार. तांदळाचे भाव चढत गेले, आणि यांच्या मजुरीत तो येईनासा झाला.