ड्रायव्हरच्या झोपेचा हिशोब



कापूस-ज्वारीवाल्यांच्या सभेत मालमोटारीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. गेल्या हिवाळ्यात आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात चार दिवस फिरलो. अंबरनाथच्या एमआयडीसीत रस्त्याकडेला ट्रक उभे होते. एकेका केबिनपाशी थांबून आम्ही गाव विचारले. दारव्हा, दर्यापूर, किनवट, पाथरी. कोरडवाहू रान पोसेना म्हणून घर सोडलेली आपलीच पोरे.

एकाला विचारले, बाबा, पाठ टेकून शेवटचा कधी झोपलास? त्याला वार आठवेना.

आता कायदा ऐका. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम ठरवले. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन 10 तास, पण आठवड्याला 54 च्या वर नाही. सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. आजचे काम संपल्यापासून उद्याचे सुरू होईपर्यंत सलग 9 तास मोकळे. आठवड्याला एक सुट्टी, जादा वेळेला दुप्पट मजुरी. गाडी भरणे-उतरवणेही कामातच धरले होते, हे विशेष लक्षात ठेवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने हेच तास वाहतुकीची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदा नव्या कामगार संहितेत गेला. 8 तासांचा दिवस आणि दुप्पट मजुरी तिथेही आहे.

मग पोराला वार का आठवत नाही? हिशोब मांडू. यवतमाळहून अंबरनाथ साडेसहाशे किलोमीटरच्या घरात. भरलेली गाडी ताशी 40 ने धरली तरी 16 तास नुसते चाकावर. म्हणजे कायद्याने दोन दिवस आणि मधली एक पुरी रात्र. पण पोराला पैसे मिळतात फेरीवर. झोपला की फेरी बुडाली. शेतीमालाचा खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी पुरी धरत नाहीत, ही आपली जुनी तक्रार. भाड्याचा दर काढताना ड्रायव्हरची झोप धरत नाहीत, ती त्याच जातीची लूट आहे.

पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर ठेवण्याचा नियम होता. एकाला पाय पसरून झोपता येईल अशी जागा केबिनमध्ये असावी, हेही त्यातच लिहिलेले होते. 2018 मध्ये दुसऱ्या ड्रायव्हरची सक्ती काढली. खर्च वाचला म्हणतात. कोणाच्या डोळ्यांवर वाचला ते म्हणत नाहीत. आता समृद्धी महामार्ग जून 2025 पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झाला. सरळ, सपाट रस्ता. अशा रस्त्यावर पहाटे तीनला डोळा लागायला डुलकीसुद्धा पुरी लागत नाही.

एक गोष्ट कडू लागेल, पण बोलतो. जिनिंगच्या दारात गाडी दोन-दोन रात्री रांगेत आपणही उभी ठेवतो. माल उतरला की त्यालाच म्हणतो, आता लवकर नीघ. औताचा बैल आपण दुपारी सोडतो. त्याला वैरण-पाणी केल्याशिवाय पुन्हा जुंपत नाही. हे कोणत्या कायद्याने शिकवले?

कामाचे ठरवून घेऊ. भरायला गाडी यायच्या आत माल तयार हवा. भाडे ठरवताना पोचायची वेळ दोन दिवसांची धरायची. आणि पोरांनी तास लिहायचे: गाडी कधी सुरू केली, कुठे थांबली, किती झोप झाली. उद्या अपघात झाला तर पोलीस पहिल्यांदा ड्रायव्हरला धरतात. मालकाने किती तास हाकायला लावले, हे वहीशिवाय कोण सांगणार?

सभा सुटल्यावर ज्यांच्या घरचा पोरगा गाडीवर आहे त्यांनी मंडपाच्या डाव्या बाजूला थांबावे. वह्या आणल्या आहेत.