पडद्यावरचा बार आणि खोलीतला बार



चित्रपटातला एक प्रसंग आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेला आहे. खोलीचे दार लावलेले. पिस्तुलाचे तीन-चार बार होतात, एक जण कोसळतो, आणि दुसरा आपल्या सोबत्याला हळूच म्हणतो, "चल, निघू या." सोबती ते ऐकतो आणि निघतोसुद्धा! आपल्याला यात काही खटकत नाही. पण खऱ्या खोलीत असे घडले, तर ते हळू बोलणे त्या सोबत्याला बहुधा ऐकूच जायचे नाही. त्याच्या कानांत त्या वेळी नुसता 'कुंईऽ' असा सूर घुमत असेल.

असे का, ते पाहू. आवाज मोजण्याचे माप म्हणजे डेसिबल. ओसरीवर बसून आपण बोलतो, तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. पिस्तूल झाडणाऱ्याच्या कानाशी होणारा आवाज १६० च्या घरात. "म्हणजे पावणेतीन पट, गुरुजी!" असे एखादा विद्यार्थी चटकन म्हणेल. तिथेच तो फसतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे फळ्यावर जरूर मांडावे. दर २० डेसिबलला ध्वनीचा दाब दहापट होतो. ६० पासून १६० पर्यंत अशा पाच पायऱ्या : दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख. पावणेतीन पट नव्हे, लाखपट!

चित्रपटगृहातल्या एका मुख्य कर्ण्याचा मोठ्यात मोठा आवाज साधारण १०५ डेसिबलच्या आसपास ठेवलेला असतो. म्हणजे खऱ्या बाराचा दाब त्याच्या पाचशेपटींहून अधिक. घरच्या टीव्हीचा किंवा मोबाइलचा आवाज तर त्याहूनही कमी. यात कुणाची लबाडी नाही, बरे का. खरा आवाज ऐकवला, तर प्रेक्षक कान धरून बाहेर पळतील.

आता खोलीचे पाहू. बाराचा पहिला तडाखा माळावर काय आणि खोलीत काय, झाडणाऱ्याच्या कानाला सारखाच. फरक पडतो तो नंतर. माळावर आवाज चहूकडे पसरतो आणि निघून जातो. खोलीत त्याला जायला वाट नाही. बारा फुटांवरच्या भिंतीवर आपटून तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो; मग दुसरी भिंत, छत, फरशी. आपल्याला हे वेगवेगळे प्रतिध्वनी कळत नाहीत, कारण ते एकमेकांत मिसळून जातात. पण कान मात्र प्रत्येक तडाखा सोसतो. बार एक, मार अनेक.

निसर्गाने कानात एक छोटा स्नायू ठेवलेला आहे. मोठा आवाज झाला की तो आखडतो आणि आवाज थोडा अडवतो. पण त्याला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, आणि बाराचा पहिला तडाखा काही सहस्रांश सेकंदांत येऊन गेलेला असतो. राखणदार जागा होईतो चोरी झालेली! आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार नाजूक केसपेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

ही नुसती पुस्तकी भीती नव्हे. १९९१ साली 'टर्मिनेटर २' हा अमेरिकन चित्रपट आला. त्यात लिफ्टच्या अरुंद डब्यात गोळीबाराचे एक दृश्य आहे. काडतुसांत गोळी नव्हती, नुसती दारू होती. नायिका लिंडा हॅमिल्टन मधल्या विश्रांतीनंतर कानांत बोळे घालायला विसरली, आणि तिच्या एका कानाला कायमची इजा झाली. प्रेक्षकांनी ते दृश्य मजेत पाहिले. त्याची किंमत तिच्या कानाने मोजली.

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात कुठे पिस्तुले आहेत?" खरे आहे. पण दिवाळीचा सुतळी बॉम्ब आहे ना! आपल्याकडे १९९९ च्या नियमानुसार फटाक्याचा आवाज चार मीटरांवर क्षणिक १४५ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये. अंतर निम्मे केले, की सुमारे ६ डेसिबल वाढतात. चार मीटरांचे दोन, दोनाचा एक. म्हणजे एका मीटरवर तो नियमातला फटाकाही १५७ च्या आसपास गेला! पिस्तुलाशीच बरोबरी झाली की. आणि मुले तो लावतात कुठे? जिन्याखाली, बोळात, पडवीत डबा उपडा घालून, कारण "तिथं जोरात वाजतो!" जोरात का वाजतो, ते आता तुम्हांला ठाऊक आहे.

फटाका वाजवायचाच, तर मोकळ्या माळावर आणि लांबून. कापसाच्या बोळ्यावर भिस्त ठेवू नये. त्याने फारसे काही अडत नाही. आणि शिक्षकहो, दिवाळीनंतर शाळा उघडेल, तेव्हा मागच्या बाकावरचा एखादा मुलगा "काय म्हणालात गुरुजी?" असे पुन्हा पुन्हा विचारू लागला, 'स' आणि 'श' यांत घोटाळा करू लागला, तर त्याला चटकन मठ्ठ म्हणू नका. आधी जवळ बोलावून विचारा, "कानात काही वाजतं का रे?" आणि "हो" म्हणाला, तर त्याच दिवशी त्याच्या घरी सांगा, की त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्या.