एका बादलीतल्या चार अभिक्रिया

दहावीवाल्यांचा एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, अभिक्रियेचा प्रकार ओळखता येतो, पण तयार काय होणार ते कसं सांगायचं?" आज उत्तर आमच्या द्राक्षबागेतून देते. मला थोडी लाज वाटावी अशीच गोष्ट आहे, पण ऐका.

मी तेव्हा दहावीत होते. ऑक्टोबर छाटणी झालेली, आभाळ भरून आलेलं. केवडा येऊ नये म्हणून बाबांना सकाळी लवकर बोर्डो मिश्रण मारायचं होतं. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचूद विरघळायला वेळ घेतो, म्हणून तो रात्रीच भिजत घालायचं काम माझ्याकडे. प्लास्टिकची बादली सापडेना. मी लोखंडी घेतली.

सकाळी बघते तर बादली आतून तांबूस! पाण्याचा निळा रंग उतरून हिरवट झालेला. बाबा म्हणाले, "अगं, तांबं बादलीलाच चढवलंस, आता वेलीला काय मारू?" तो मोरचूद वाया गेला, दुकान उघडेपर्यंत थांबावं लागलं, आणि वर ढग जमतच होते. सहामाहीत हीच अभिक्रिया लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण पुस्तकात खिळा होता ना, बादली नव्हती!

हे विस्थापन. एका बाजूला एकटं मूलद्रव्य, समोर संयुग. अशा वेळी विचारायचं, हा एकटा आतल्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे का? लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील, म्हणून ते तांब्याला उठवून सल्फेटशेजारी स्वतः बसतं. तयार होतं फेरस सल्फेट, आणि तांबं बाहेर. आता उलट करा: फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार. काहीच होणार नाही. 'काही होणार नाही' हेही उत्तर असतं हां, पण पेपरात ते लिहायला पोरं घाबरतात.

नवीन मोरचूद आला, तो यावेळी प्लास्टिकमध्ये. आता चुना. भट्टीत चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो, एकाचे दोन, म्हणजे अपघटन. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो खदखदतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं, दोघांचं एक, म्हणजे संयोग. हे सोपंय, पुढे जाऊ.

खरी मजा दोन्ही द्रावणं एकत्र ओतताना. दोन्हीकडे संयुगं, म्हणजे जोड्या बदलून बघायच्या: कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट. दुहेरी विस्थापन. पण कागदावर जोड्या कुणीही बदलेल. पुढचं विचारा: नव्या जोडीतून अवक्षेप, वायू किंवा पाणी यांपैकी काही तयार होतं का? कॉपर हायड्रॉक्साइड विरघळत नाही, म्हणून आकाशी रंगाचा साका दिसतो. (खऱ्या मिश्रणात तो इतका शुद्ध नसतो, सल्फेटही त्यात अडकतं.) मीठ आणि पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणांत जोड्या बदलून बघा. सगळंच विरघळलेलं राहतं, म्हणजे अभिक्रियाच नाही.

हा साका पानाला चिकटतो, म्हणून तर मिश्रण काम करतं. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे मिलार्देच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं.

मिश्रण झालं. बाबांनी घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवला, जरा वेळाने काढला. पात्यावर तांबूस थर! म्हणजे मोकळं तांबं अजून शिल्लक, आणि तसंच मारलं तर कोवळी फूट करपणार. आमचा चुना जुना होता, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातला काही परत कॅल्शियम कार्बोनेट झालेला. या वेळी मात्र मी न विचारता सांगितलं, "बाबा, चुना कमी पडलाय." आणखी चुन्याची निवळी ओतली, विळा पुन्हा घासून बुडवला. पातं स्वच्छ निघालं. साडेअकराला पंप सुरू झाला, आणि पाऊस संध्याकाळी आला.

आता तुमच्यासाठी प्रश्न: त्या रात्री मला तांब्याची बादली मिळाली असती तर? कारणासकट कळवा. आणि हो, मोरचूद विषारी असतो, त्यामुळे प्रयोगाला स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका.