‘वुई’ म्हणजे कोण कोण?



तुम्ही आता मराठी वाचू लागलात. सही करू लागलात. मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी काहीजण म्हणाले, “गुरुजी, थोडं इंग्रजी पण सांगा. नातवंडं इंग्रजी वाचतात आणि आम्ही नुसते बघत बसतो.” खरे आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू होते. म्हणून आज इंग्रजीतल्या सर्वनामांविषयी चार शब्द बोलू.

सर्वनाम म्हणजे काय? नावाच्या जागी येणारा शब्द. “सखाराम शेतात गेला. सखारामाने बैल सोडले. सखारामाला तहान लागली.” असे कोणी बोलते का? आपण म्हणतो, “सखाराम शेतात गेला. त्याने बैल सोडले. त्याला तहान लागली.” त्याने, त्याला, ही सर्वनामाची रूपे. सर्वनाम म्हणजे बदलीचा गडी. तो कोणाच्या बदली आला आहे, हे मालकाला ठाऊक पाहिजे. नाहीतर काम बिघडते.

आता याचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार पुरुषवाचक. इथे पुरुष म्हणजे बाप्या नव्हे, बायकाही यात आल्या. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तिसरा. बोलणारा स्वतःला ‘आय’ म्हणतो. आय म्हणजे मी. हे एकच अक्षर आहे. वाक्यात कोठेही आले तरी ते मोठ्या लिपीतच लिहितात.

ऐकणाऱ्याला ‘यू’ म्हणतात. आपल्याकडे लेकराला तू, पाहुण्याला तुम्ही, फार मोठ्या माणसाला आपण. इंग्रजीत तिघांनाही यू. साहेबाला यू आणि गुराख्याच्या पोरालाही यू. पूर्वी त्यांच्याकडेही ‘तू’साठी ‘दाऊ’ असा वेगळा शब्द होता. तो पुढे रोजच्या बोलण्यातून गेला. यू म्हटले की समोर एक माणूस आहे की दहा, हेही कळत नाही. मागचेपुढचे बोलणे पाहून ओळखावे लागते.

तिसऱ्यासाठी ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’. बाप्याला ही, बाईला शी, वस्तूला इट. आपण म्हणतो, दगड तो, भिंत ती, घर ते. इंग्रजीत या तिन्हींना इट. पुष्कळ असले की सगळ्यांना ‘दे’. ते पुरुष, त्या बायका, ती घरे, सगळे दे.

दुसरा प्रकार मालकी सांगणारा. ‘माइन’ म्हणजे माझे. ‘युअर्स’ म्हणजे तुमचे.

तिसरा प्रकार बोटाने दाखवणारा. जवळचे ते ‘धिस’, लांबचे ते ‘दॅट’.

चौथा प्रकार प्रश्नाचा. ‘हू’ म्हणजे कोण, ‘व्हॉट’ म्हणजे काय, ‘विच’ म्हणजे कोणता.

पाचवा प्रकार दोन वाक्ये जोडणारा. आपण म्हणतो, “जो माणूस काल आला, तो माझा भाऊ.” या ‘जो’साठीही इंग्रजीत हू हाच शब्द. माणूस असेल तर हू, वस्तू असेल तर विच.

सहावा प्रकार स्वतःचा. ‘मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतः.

सातवा प्रकार अनिश्चित. ‘समबडी’ म्हणजे कोणीतरी, ‘नोबडी’ म्हणजे कोणीच नाही.

आणखीही बारीक प्रकार आहेत. आज एवढे पुरेत.

पुरुषवाचकातला एक शब्द आम्ही मुद्दाम मागे ठेवला. तो शब्द ‘वुई’. वुई म्हणजे मी आणि माझ्याबरोबरचे. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आम्ही आणि आपण. घरी पाहुणा बसला आहे. तुम्ही म्हणालात, “आम्ही जेवतो,” तर पाहुणा बिचारा बसून राहील. तुम्ही म्हणालात, “आपण जेवू,” तर तो हात धुवायला उठेल. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. इंग्रजीत दोहोंना एकच वुई. पाहुणा आत की बाहेर, हे तो शब्द सांगत नाही.

यात काय एवढे, असे तुम्हाला वाटेल. आमच्या घरी काय झाले ते ऐका.

आम्ही तेव्हा नुकतेच मॅट्रिक झालो होतो. शेजारच्या गृहस्थांना विहिरीवर इंजिन बसवायला कर्ज हवे होते. शहरातल्या एका पेढीचा छापील इंग्रजी कागद घेऊन ते आमच्याकडे आले. म्हणाले, “तुमची एक सही पाहिजे.” वडिलांना सही येत होती, इंग्रजी येत नव्हते. त्यांनी आम्हाला हाक मारली. चार माणसे जमली. आम्ही तोऱ्यात वाचले, “वुई प्रॉमिस टु पे.” आणि अर्थ सांगितला, “आम्ही पैसे फेडण्याचे वचन देतो.”

वडिलांनी विचारले, “आमी म्हंजे कोण रं?”

आम्ही म्हणालो, “ज्यांनी कर्ज घेतलं ते.”

कागदाच्या तळाशी सह्यांच्या दोन जागा होत्या. तिकडे आम्ही पाहिलेच नाही. वडिलांनी सही केली.

पुढे दोन वर्षे पावसाने दगा दिला. शेजाऱ्यांचे हप्ते थकले. एके दिवशी पेढीचा माणूस आमच्या दारात आला. त्याने ‘वुई’वर बोट ठेवले. मग खालच्या दोन्ही सह्यांवर ठेवले. त्या शब्दात आमचे वडीलही होते. ‘आम्ही’ नव्हे, ‘आपण’ असा अर्थ होता.

आमची बैलजोडी विकली गेली. वडील आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. शेजाऱ्यांचाही दोष नव्हता. त्यांना तरी कोठे तो कागद वाचता येत होता? त्या साली पेरणीला त्यांनी आपले बैल आम्हाला दिले. पण रिकामी दावण पाहिली की आम्हाला आमची चूक आठवे.

१८७२ च्या करार कायद्यात हे सांगितले आहे. दोघांनी मिळून वचन दिले आणि कागदात वेगळे काही ठरले नसेल, तर सगळे पैसे दोघांपैकी कोणाही एकाकडे मागता येतात. जामीन राहणाऱ्याचीही जबाबदारी, वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते.

म्हणून इंग्रजी कागद पुढे आला की घाई करू नका. वाचणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. हा शब्द कोणाच्या नावाच्या जागी आला आहे? खाली सह्या कोणाकोणाच्या आहेत? त्यात मी आहे का? उत्तर मिळेपर्यंत पेन उचलू नका. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही मॅट्रिक होतो, तरी चुकलो.

आणखी एक. आम्ही एकटेच बोलतो आहोत, तरी स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. ही जुन्या मास्तरांची खोड आहे. तुम्ही इंग्रजी बोलाल तेव्हा मात्र एकट्याने वुई म्हणू नका. ऐकणारा तुमच्या मागे दुसरे कोण उभे आहे ते शोधील!

उद्या येताना नातवंडांचे इंग्रजीचे पुस्तक घेऊन या. त्यात आय, यू, वुई शोधू. आणि प्रत्येक ठिकाणी विचारू, हा शब्द कोणाच्या बदली आला आहे?

एवढे बोलून आम्ही थांबतो.